मेहरची चांदी आणि पार्सलमधली वीट

२०२५ साल सुरू झाले तेव्हा चांदीचा भाव किलोला नव्वद हजार रुपयांच्या आसपास होता. वर्ष संपता संपता तो दोन लाखांच्या पुढे गेला. त्या वर्षीच्या दिवाळीत तर चांदीचा तुटवडा पडला आणि काही व्यापाऱ्यांकडे वीट मागितली तरी मिळेना. सोने केव्हाच हाताबाहेर गेले होते. मध्यमवर्गीय घरांना चांदीचा आधार होता, तीही आता जपून घ्यायची वस्तू झाली. अशा वेळी मोबाईलवर एखादी जाहिरात येते: शंभर ग्रॅमची, ९९९ शुद्धतेची, चकचकीत पाकिटातली वीट, बाजारभावापेक्षा तीस टक्के स्वस्त आणि दोन दिवसांत घरपोच. बोट त्या बटणाकडे जाते, यात नवल नाही. पण भाव चढला की खऱ्या मालाबरोबर खोट्या मालालाही भाव येतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

पनवेलला लागून असलेल्या करंजाडेसारख्या नव्या वसाहतीत हा धोका थोडा जास्तच आहे. सिडकोने आखलेले सेक्टर, एकामागून एक उभ्या राहिलेल्या इमारती, शेजारी नवी मुंबईचा विमानतळ. इथली पुष्कळ कुटुंबे कोकणातल्या गावांतून किंवा मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांतून आलेली आहेत. गावात किंवा मोहल्ल्यात घराचा एक ठरलेला सराफ असे. आजीच्या पाटल्या त्याच्याकडे घडलेल्या, आईची मोडही त्याच्याकडेच गेलेली. त्याने खोटे दिले तर चार माणसांत त्याला तोंड दाखवता येत नसे. नव्या वसाहतीत घर मिळाले, पण असा सराफ सोबत आला नाही. त्याची जागा आता सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या पार्सलने घेतली आहे, आणि पार्सल पाठवणाऱ्याचा चेहरा आपण कधी पाहिलेला नसतो.

ही केवळ पैशांची गोष्ट असती तर 'जपून खरेदी करा' एवढे सांगून लेख संपवता आला असता. पण आपल्या घरांत चांदी ही नुसती गुंतवणूक नाही. तिच्यावर इतरांचे हक्क मोजले जातात. म्हणून खोट्या विटेचे नुकसान खरेदी करणाऱ्याच्या खिशापाशी थांबत नाही.

घरातली चांदी कोणाकोणाची?

पहिला हक्क पत्नीचा. अनेक घरांत मेहर चांदीच्या वजनात ठरतो. भारतात प्रचलित असलेल्या हिशेबाप्रमाणे मेहर-ए-फातिमी म्हणजे ५०० दिरहम, म्हणजेच १३१ तोळे ३ मासे चांदी. ग्रॅममध्ये सांगायचे तर सुमारे १५३१ ग्रॅम. किलोला दोन लाख रुपये भाव धरला तर ही रक्कम तीन लाखांच्या वर जाते.

दुसरा हक्क गरिबांचा. जकातीचा चांदीचा निसाब २०० दिरहम. आपल्याकडे तो साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम धरतात. काही उलमा दिरहमाचे वजन किंचित कमी मानून ५९५ ग्रॅम सांगतात. आज रोख रकमेची जकात काढतानाही बरेच लोक चांदीच्याच निसाबाने हिशेब करतात. विटेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अंगावर वापरल्या जाणाऱ्या दागिन्यांच्या जकातीबद्दल हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. वीट किंवा लगड मात्र दागिना नव्हे. ती साठवलेली चांदी आहे आणि तिची जकात दोघांच्याही मते द्यावी लागते.

तिसरा प्रसंग अकीक्याचा. बाळाच्या केसांच्या वजनाइतकी चांदी, किंवा तिची किंमत, सदका करण्याची पद्धत घराघरांत आहे. वजन थोडेच, पण तेही कोणा गरजवंताच्याच हातात पडणार असते.

इथे तोळ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण खोट्या मालाशिवायही या ठिकाणी मोठी चूक होते. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजचा सराफ बोलण्यात तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दहा ग्रॅम असतात. मेहर-ए-फातिमी 'एकशे एकतीस तोळे' म्हणून दहा ग्रॅमच्या तोळ्याने दिला, तर सव्वादोनशे ग्रॅमच्या जवळपास चांदी कमी पडते. वरच्याच भावाने ही तूट त्रेचाळीस हजारांहून जास्त आहे. कोणाची फसवण्याची इच्छा नसतानाही पत्नीचा हक्क इतका कमी भरतो. म्हणून निकाहनाम्यात तोळे लिहा, पण सोबत ग्रॅम आणि शुद्धताही लिहा: 'चांदी, १५३१ ग्रॅम, शुद्धता ९९९'. एवढी एक ओळ पुढचे अनेक वाद वाचवते.

खोट्या विटेच्या पोटात काय असते?

बाजारात मिळणारी बनावट चांदी साधारण चार प्रकारची असते.

पहिला प्रकार मुलाम्याचा. आत तांबे किंवा पितळ आणि वर चांदीचा पातळ थर. तांब्याच्या शंभर ग्रॅमच्या विटेला दहा मायक्रॉन जाडीचा मुलामा दिला, तर त्यात चांदी अर्धा ग्रॅमही भरत नाही. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

दुसरा प्रकार जर्मन सिल्व्हरचा. नावात सिल्व्हर असले तरी या धातूत चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण आहे. भांडी आणि शोभेच्या वस्तूंसाठी ते वापरतात आणि त्याच नावाने विकले तर त्यात गैर काही नाही. पण त्याच धातूवर ९९९ असा शिक्का उठवला, की ती फसवणूक झाली.

तिसरा प्रकार शिशाचा. शिसे चांदीपेक्षा जड आणि कथील हलके. दोघांचे नेमके प्रमाण जमवले की मिश्रणाची घनता चांदीच्या जवळ आणता येते. वर चांदीचा मुलामा दिला की वजन आणि आकार दोन्ही बरोबर दिसतात. पोट मात्र मऊ आणि बद्द आवाजाचे असते. शिसे विषारी आहे, त्यामुळे अशी शंकास्पद वस्तू लहान मुलांच्या हाती देऊ नये.

चौथा प्रकार कमी टंचाचा. चांदी खरीच असते, पण शंभरात साठ किंवा सत्तर भाग. शिक्का मात्र ९९९ चा. हा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड, कारण वरवरच्या बहुतेक तपासण्यांत तो निभावून जातो.

हे फक्त आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीच्या 'सिल्व्हर ईगल' या चांदीच्या नाण्याच्या नकला परदेशातून येऊन ऑनलाइन विकल्या जाऊ लागल्या. शेवटी २०२१ मध्ये त्या नाण्याची नवी रचना करताना त्याच्या कडेच्या खाचांत ओळखीची खूण ठेवावी लागली. कॅनडाच्या टांकसाळीने आपल्या 'मेपल लीफ' नाण्यावर लेसरने अतिसूक्ष्म चिन्ह कोरले. सरकारी टांकसाळींना एवढी काळजी घ्यावी लागत असेल, तर पाकिटावरची चकाकी आणि छापील प्रमाणपत्र पाहून आपण निश्चिंत कसे राहायचे? नाण्याची नक्कल करणाऱ्याला पाकिटाची आणि त्यावरच्या क्रमांकाची नक्कल करणे तर त्याहून सोपे असते.

जाहिरातीतले शब्द नीट वाचा

ऑनलाइन बाजारातली अर्धी फसवणूक शब्दांच्या आडोशाने होते. शीर्षकात 'सिल्व्हर बार ९९९' मोठ्या अक्षरांत असते. वर्णनाच्या तळाशी, जिथे कोणी बोट सरकवत नाही, तिथे 'प्लेटेड' हा शब्द दडलेला असतो. 'सिल्व्हर प्लेटेड' आणि 'सिल्व्हर क्लॅड' म्हणजे मुलामा. 'सिल्व्हर कलर', 'सिल्व्हर टोन', 'सिल्व्हर फिनिश' म्हणजे फक्त रंग. 'व्हाइट मेटल' म्हणजे कोणताही पांढरा धातू. 'रेप्लिका' म्हणजे नक्कल. परदेशी विटांवर कधी '१०० मिल्स ९९९ फाईन सिल्व्हर' असे कोरलेले असते. वाचणाऱ्याला ते शंभर ग्रॅमसारखे काहीतरी वजन वाटते. वास्तविक तो मुलाम्याच्या जाडीचा उल्लेख असतो, म्हणजे ९९९ शुद्धता त्या पापुद्र्याची असते.

औंसाचीही अशीच गोष्ट. चांदी ट्रॉय औंसात मोजतात, तो ३१.१ ग्रॅमचा. साधा औंस २८.३५ ग्रॅमचा. नुसते 'एक औंस' लिहिले असेल तर ग्रॅम किती ते विचारा. उत्तर ग्रॅममध्ये मिळत नसेल तर खरेदी करू नका.

सर्वांत सोपी कसोटी मात्र हिशेबाची आहे. त्या दिवसाचा भाव पाहा. वजनाने गुणा. त्यावर चांदीवरचा तीन टक्के जीएसटी लावा. किलोला दोन लाख भाव असेल तर शंभर ग्रॅमची शुद्ध वीट करासह २०,६०० रुपयांच्या खाली येऊच शकत नाही. घडणावळ आणि विक्रेत्याचा नफा यावर आणखी वेगळा. चांदी वितळवून त्याच दिवशी पूर्ण भावाने विकता येते. मग ती चौदा हजारांना कोण विकेल? 'ऑफर', 'सण-विशेष सूट', 'गोदाम रिकामे करायचे आहे' ही कारणे कपड्यांना लागू पडतात, शुद्ध चांदीला नाही. या एका गुणाकाराने बहुतेक खोट्या जाहिराती घरबसल्या गळून पडतात.

घरी काय तपासता येते आणि काय नाही

घरगुती तपासण्यांबद्दल बरेच ऐकायला मिळते. त्यातल्या प्रत्येकीला काही गोष्टी पकडता येतात, काही नाही. हे न समजता केलेली तपासणी खोटा दिलासा देते.

चुंबक. चांदीला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर वस्तू चांदीची नाही, हे नक्की. पण तांबे, पितळ आणि शिसे यांनाही तो चिकटत नाही. म्हणजे चुंबक लोखंड पकडतो, बाकीच्यांना सोडून देतो.

बर्फ. चांदीवर ठेवलेला बर्फ भराभर वितळतो, कारण चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते. पण तांबेही जवळपास त्याच वेगाने नेते. त्यामुळे मुलामा दिलेले तांबे या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते.

आवाज. मराठीत खऱ्या माणसाला 'बंदा रुपया' म्हणतात आणि स्पष्ट बोलाला 'खणखणीत'. हे शब्द चांदीच्या नाण्यांच्या काळातून आले. दुकानदार फळीवर रुपया टाकून त्याचा नाद ऐकत असे. नाण्याच्या बाबतीत ही तपासणी आजही उपयोगी आहे आणि शिशाचे नाणे बद्द आवाजाने लगेच उघडे पडते. जाड विटेला मात्र असा नाद नसतो.

पाण्याची तपासणी. घरी करता येण्यासारख्या तपासण्यांत ही सर्वांत भरवशाची. प्रत्येक धातूची घनता ठरलेली असते. चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण साडेआठ, शिशाची ११.३४. म्हणजे सारख्याच वजनाची तांब्याची वीट चांदीच्या विटेपेक्षा जास्त जागा व्यापते. ही जागा अशी मोजावी.

डिजिटल वजनकाट्यावर वीट ठेवून वजन लिहून घ्या. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा आणि आकडा शून्य करा. विटेला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडवा, पण पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. वीट हातात लटकती राहिली पाहिजे. आता काट्यावर जो आकडा दिसेल त्याने विटेच्या वजनाला भागा. उत्तर साडेदहाच्या जवळ आले पाहिजे. शंभर ग्रॅम शुद्ध चांदी पाण्यात लटकवली की काटा सुमारे साडेनऊ ग्रॅम दाखवतो. तांबे असेल तर ११.२, जर्मन सिल्व्हर असेल तर साडेअकराच्या पुढे, पितळ असेल तर पावणेबाराच्या आसपास. दहा ग्रॅमच्या छोट्या नाण्यासाठी मात्र स्वयंपाकघरातला काटा चालत नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागतो.

या तपासणीतूनही शिसे-कथिलाचे नेमके जमवलेले मिश्रण निसटू शकते. कमी टंचाची चांदीही काट्याच्या बारीक फरकात लपू शकते. म्हणून पाण्याने 'खोटी' म्हटले तर खोटी. 'ठीक' म्हटले तर पुढची पायरी सराफाची.

एक सावधगिरी. सीलबंद पाकिटातली वीट तपासायची तर पाकीट फोडावे लागते, आणि फोडलेल्या पाकिटातली वीट काही विक्रेते परत घेत नाहीत. पाकीट फोडण्याआधी परतीच्या अटी वाचा. पाकीट फोडण्यापासून तपासणीपर्यंत सगळ्याचा न थांबवता व्हिडिओ काढा.

सराफाकडे काय मागायचे?

सराफी पेढीवर किंवा तपासणी केंद्रात किरणांचे यंत्र असते. त्याला 'एक्सआरएफ' म्हणतात. वस्तूला न दुखावता ते मिनिटभरात धातूंचे प्रमाण सांगते. पण हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचीच शुद्धता सांगेल आणि आपण ती विटेची समजू. म्हणून मोठ्या वजनाची वीट असेल तर काप काढून किंवा बारीक भोक पाडून आतल्या धातूचा टंच काढायला सांगा. हुपरीसारख्या चांदीच्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या चांदीचेच काम चालते, तिथला कारागीर चमकेवर नाही, टंचावर बोलतो. ती सवय आपणही लावून घ्यावी.

हॉलमार्कबद्दलही नीट समजून घ्या. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली. चांदीसाठी तो ऐच्छिक आहे. मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीचे दागिने आणि वस्तू यांच्या हॉलमार्कमध्येही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आला आहे. शुद्धतेच्या सात श्रेणी ठरवलेल्या आहेत: ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९. खुणेत बीआयएसचे चिन्ह, 'सिल्व्हर' हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये क्रमांक टाकला की त्या वस्तूची नोंद दिसते. दिसलेली वस्तू आणि हातातली वस्तू एकच आहे का, हेही पाहा. नुसता ९९९ चा ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो ठसा कोणीही उठवू शकतो.

खरेदीच्या पद्धतीबद्दलही एक विचार. चांदी-सोन्याचा व्यवहार हातोहात, त्याच बैठकीत पूर्ण व्हावा, ही अट फिकहमध्ये जुनी आहे. आजच्या नोटा देऊन ऑनलाइन मागवलेल्या आणि चार दिवसांनी येणाऱ्या चांदीला ती कशी लागू होते, याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी त्या अटीतले शहाणपण दिसते. वस्तू समोर, तराजू समोर, विक्रेता समोर आणि पैसे त्यानंतर. पनवेलच्या बाजारात अर्धा तास घालवून पक्क्या बिलावर घेतलेली वीट दोन-चारशे रुपयांनी महाग पडेल. तो खर्च वाया जात नाही. बिलावर वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या.

राणीछाप आणि राजाछाप

ऑनलाइन बाजारात जुन्या चांदीच्या रुपयांचीही मोठी विक्री होते. व्हिक्टोरिया राणीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. याच्या ओतीव नकला ढिगाने मिळतात. कडा बोथट, अक्षरे फुगीर, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि वजनात ग्रॅमभराचा फरक, ही त्यांची लक्षणे. खऱ्या नाण्याचे वजन झिजेने थोडे कमी होते, वाढत कधीच नाही.

दुसरी गोष्ट खोटेपणाची नाही, अज्ञानाची आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवण्यासाठी सरकारने १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पन्नास टक्के चांदी, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. त्याच वेळी नकला रोखण्यासाठी नाण्याच्या कडेला खास खोबणीही दिली. म्हणजे १९४० ते १९४५ चा जॉर्ज राजाचा रुपया अस्सल असला तरी त्यात चांदी पावणेसहा ग्रॅमच्या आसपासच आहे. १९४७ चा रुपया तर निकेलचाच. असे शंभर रुपये आजोबांच्या पेटीत निघाले आणि सगळे वजन शुद्ध चांदीचे धरले, तर जकातीचा हिशेबही चुकेल आणि विकताना अपेक्षाभंगही होईल.

वीट खोटी निघाली तर

समजा, मेहर म्हणून दिलेली वीट दहा वर्षांनी मोडायला काढली. असे दिवस सहसा आनंदाचे नसतात. दवाखान्याचे बिल असते, मुलीच्या कॉलेजची फी असते, किंवा नवरा हयात नसतो. त्या दिवशी सराफ वीट बाजूला ठेवून मान हलवतो. स्त्रीचा हा एकच स्वतःचा आधार होता आणि तो पितळेचा निघाला. विक्रेत्याचे दुकान केव्हाच बंद झालेले, परतीची मुदत संपलेली, बिल हरवलेले. खोटी चांदी नेमकी तेव्हाच उघडी पडते, जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज असते.

म्हणून मेहरची चांदी देण्याआधी तपासून घेणे हे नवऱ्याचे आणि त्याच्या घरच्यांचे काम आहे. नववधू 'तपासून द्या' असे म्हणू शकत नाही. म्हटले तर घरात कुजबुज होते. ती वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. ठरलेली चांदी खोटी निघाली तर कागदावर मेहर दिल्याची नोंद राहते, पण हक्क अदा होत नाही. ते देणे नवऱ्याच्या डोक्यावर राहते. नेमके किती आणि कसे द्यायचे, हे काझी किंवा आलिम यांना विचारून ठरवावे. 'मलाही फसवले' हे विक्रेत्याविरुद्धचे गाऱ्हाणे आहे, पत्नीला द्यायचे उत्तर नाही.

जकातीच्या बाबतीतही हिशेब बदलतो. घरात दीडशे ग्रॅम खरी चांदी आणि पाचशे ग्रॅमची खोटी वीट असेल, तर कागदावर निसाब पूर्ण होतो, वास्तवात नाही. कमी टंचाच्या चांदीबद्दल हनफी मत असे, की चांदीचे प्रमाण निम्म्याहून जास्त असेल तर ती चांदीच धरावी. शाफई मताप्रमाणे आतली शुद्ध चांदी किती तेवढीच मोजावी. कोकणातली बरीच कुटुंबे शाफई असल्याने त्यांच्यासाठी टंच कळणे हा हिशेबाचाच भाग आहे. आणि कोणी जकातीत वीटच दिली आणि ती खोटी निघाली, तर घेणाऱ्या गरिबाच्या हातात काहीच पडले नाही.

तक्रार कुठे आणि कशी?

फसवणूक लक्षात आल्यावर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. वीट, पाकीट आणि पार्सलचे लेबल यांतले काही फेकू नका. जाहिरातीचे पान, विक्रेत्याचे नाव व पत्ता, भाव आणि शुद्धतेचा दावा यांचे स्क्रीनशॉट काढा, कारण अशी पाने रातोरात गायब होतात. सराफाकडून किंवा तपासणी केंद्राकडून टंचाचा लेखी अहवाल घ्या. मग ऑनलाइन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

त्याने काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. करंजाडेची टपाल-ओळख नवी मुंबईची असली तरी जिल्हा रायगड आहे, म्हणून आयोग अलिबागला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली आहे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, त्याच्या गावी जावे लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरूनही दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

संकेतस्थळच खोटे असेल किंवा पैसे थेट कोणाच्या खात्यात गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. पोलिसांच्या बाबतीत हा परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली येतो. एखाद्या अनोळखी व्यक्तीने 'घरातली जुनी चांदी विकायची आहे' म्हणून समाजमाध्यमावर टाकलेल्या जाहिरातीतून खरेदी केली, तर ई-कॉमर्स नियमांचे संरक्षण बहुधा मिळत नाही. तिथे तपासल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

ओला दाणा वर ठेवा

शेवटी त्या विटेचे काय करायचे? इथेच माणसाची परीक्षा होते. पैसे अडकलेले असतात. मनात येते, आपणही ती कोणाला तरी खपवावी. एखाद्या ओळखीच्याला, एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाला, निदान लग्नात आहेर म्हणून.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा आत ओलावा लागला, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकली आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांनी विचारले ते एवढेच, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. तो ओलावा झाकणे हा होता. वर्णनाच्या तळाशी 'प्लेटेड' लिहून वर '९९९' झळकवणारा विक्रेता तेच करतो. आणि फसलेली वीट गप्प राहून पुढे ढकलणारा गिऱ्हाईकही तेच करतो.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वीट पुरावा म्हणून जपा. त्यानंतर ती मोडीत द्यायची असेल तर तांबे म्हणून, पितळ म्हणून, जे आहे ते सांगून द्या. तिच्यावर ठळक खूण करा, म्हणजे तुमच्या पश्चात मुलांनी ती चांदी समजून वाटणीत धरायला नको. घरातल्या प्रत्येक खऱ्या विटेचे वजन, टंच, खरेदीची तारीख आणि ती कोणाच्या हक्काची आहे, हे एका वहीत लिहून ठेवा. त्या वहीची माहिती पत्नीला असू द्या, कारण तिच्यातली काही पाने तिच्याच मालकीची आहेत.